सगळ्यांच्या शेवटी माझा खराटा

आमच्या गावात अजूनही सगळे त्यांना फादरच म्हणतात. ते फादर नव्हते, ब्रदर होते. चर्चमधली पूजा चालवणारे फादर वेगळे. ब्रदर म्हणजे लग्न न करता चार-सहा जणांनी एका घरात राहायचं, पांढरा झगा घालायचा आणि पोरांना शिकवायचं. भालकीला बस बदलून पुढे गेलं की त्यांची शाळा आणि वसतिगृह लागायचं. पाचवी ते दहावी मी तिथे होतो. आज गुलबर्ग्याला सरकारी कॉलेजात शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्यात त्या शाळेचा वाटा मोठा आहे हे मी कुणालाही विसरू देत नाही. तरीही त्यांनी काढलेल्या पुस्तकात माझं पान नाही. ते मीच काढायला लावलं.

शाळेच्या व्हरांड्यात जगाचा मोठा नकाशा लावलेला होता. जिथे जिथे या ब्रदर लोकांची शाळा, तिथे लाल टाचणी. युरोपातल्या एका लहानशा गावात दोन-तीन माणसांनी कामगारांच्या पोरांसाठी शाळा काढली, ती पहिली टाचणी. मग समुद्र ओलांडून कितीतरी. आपल्याकडे किनाऱ्याच्या बाजूला टाचण्यांची गर्दी होती आणि तिथून लांब, तुरीच्या मुलखात, एकटी आमची. आफ्रिकेत तेव्हा नुकतीच टाचण्या टोचायला सुरुवात झाली होती. इतिहासाच्या तासाला हेडमास्तर छडीने नकाशा दाखवत. "तिकडून इथे आले. आता इथून तिकडे जायचं." हेडमास्तर म्हणजे मोठे ब्रदर. उंच, किडकिडीत, किनाऱ्यावरचे. त्यांची कानडी आमच्यापेक्षा वेगळ्या चालीची.

वसतिगृहाचा एक नियम होता. नोकर ठेवायचा नाही. झाडलोट, संडास, स्वयंपाकघर, सगळं पोरांनी तक्त्याप्रमाणे करायचं. नवीन पोरांची नावं तक्त्यात वर. मी नवीन, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझ्या नावापुढे संडास आले.

आमच्या घरालाही एक नियम होता, तो या नियमाच्या आधीचा. माझा आजा चावडीपुढे आणि पाटलाच्या अंगणात रोज झाडायचा. बौद्ध झाल्यावर त्याने खराटा चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवला आणि परत आला. तेव्हापासून आमच्यात दुसऱ्याच्या दारात कुणी खराटा धरत नाही. आपलं घर रोज झाडायचं, बाप्यांनीसुद्धा. दुसऱ्याचं दार, नाही.

मी हे कुणाला बोललो नाही. अकरा वर्षांच्या पोराला काय बोलता येतं? बादली उचलली आणि गेलो. नळापाशी आमच्या खोलीतला एक जमीनदाराचा पोरगा दात घासत होता.

"ह्याला कामून शिकवायलाव?" तो मला काम दाखवणाऱ्या पोरांना म्हणाला. "ह्याच्या घरात जलमल्याबरोबर येतंय हे."

सगळे हसले. एक जण हसला नाही, माझ्या बाकावरचा पोरगा. हुमनाबादकडच्या ख्रिश्चन घरातला, माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो. तो म्हणाला, "दे, अर्धे मी करतो." मी दिले नाहीत.

तो रविवार भेटीचा होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यातली पाळी संपवून, डबा घेऊन तसेच आले होते. ते मला शोधत मागच्या बाजूला आले आणि मी त्यांना संडासाच्या दारात, हातात खराटा घेतलेला दिसलो. त्यांनी माझ्या हातातून खराटा घेतला, मला पुढे घातलं आणि ते सरळ मोठ्या ब्रदरांच्या खोलीत गेले. अप्पांनी तो ओला खराटा त्यांच्या टेबलावर, वह्यांच्या शेजारी ठेवला.

"हे आमच्या घरात चालत न्हाई," ते म्हणाले.

ब्रदर कानडीत बोलत होते, अप्पा मराठीत. दोघांनाही एकमेकांचं कळत होतं. ब्रदरांनी नियम समजावून सांगितला. इथे कुणी लहान-मोठा नाही. ते स्वतः रोज पहाटे आपले संडास धुतात. यातून पोरांच्या अंगी नम्रता येते.

"तुमी धुता ते पुण्य लागंल म्हणून," अप्पा म्हणाले. "आमी झाडलं ते मार चुकावा म्हणून. दोनी कामं एक कशी हुतील?"

"नियम सगळ्यांना एकच आहे. एकाला सूट दिली तर नियमच राहत नाही. मग मुलाला घरी न्यावं लागेल तुम्हाला."

"नेतो की. पेटी आण रे."

माझे पाय हलले नाहीत. गावातल्या शाळेत सात वर्गांना दोन मास्तर होते, आणि त्यातला एक मला दाराजवळ बसवायचा. इथे मला पुस्तकं मिळत होती, बाकावर जागा मिळत होती. मला राहायचं होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना ते कळलं असावं, कारण ते पुन्हा ब्रदरांकडे वळले.

"ठीक हाय. झाडंल माझं पोरगं. पण सगळ्यांच्या शेवटी. आधी तुमी, मग तुमचे मास्तर, मग पाटलाची, सावकाराची पोरं. माझ्याची बारी सगळ्यात शेवटाला. आणिक तुमी पहाटं न्हाई धुवायचं. उजेडात धुवायचं, सगळ्या पोरांनी बघाया पायजे."

ब्रदरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "संध्याकाळी बाकीच्या ब्रदरांना विचारून सांगतो."

"मी कारखान्याला जायचा न्हाई तवर. हितंच बसतो."

अप्पा संध्याकाळपर्यंत फाटकापाशी बसून राहिले, मी त्यांच्याजवळ. डब्यातली भाकरी दोघांनी खाल्ली. दिवे लागायच्या सुमारास मोठे ब्रदर स्वतः चालत फाटकापर्यंत आले. ते एवढंच म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. हे आम्हाला दिसलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेला मागच्या बाजूला उभं केलं, झगा कमरेला खोचला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत एकेक संडास घासला. नंतर मास्तरांचे दिवस लागले. गणिताच्या मास्तरांना पाठदुखी सुरू झाली. ब्रदरांनी पाठ बरी होईपर्यंत थांबायचं ठरवलं, आणि ती दोन दिवसांत बरी झाली. त्या जमीनदाराच्या पोराची बारी आली तेव्हा त्याला तीनदा ओकारी आली. अण्णा त्याला म्हणाला, "हळू शीक, घाई न्हाई." माझा नंबर लागला तेव्हा मी रागाने घासलं, पण चांगलं घासलं. नम्र वगैरे काही झालो नाही.

आता अलीकडचं. अण्णा पुढे स्वतः ब्रदर झाला. युरोपातली त्यांची जुनी घरं माणसांवाचून बंद पडायला लागली आहेत आणि पूर्व आफ्रिकेत नव्या शाळा निघतायत. तिथे जाणारे निम्मे तरी आपल्याकडचे, कर्नाटकातले. अण्णाला तिथल्या एका नव्या शाळेचा हेडमास्तर नेमलं. निघण्याआधी तो माझ्या घरी जेवायला आला. संस्था एक पुस्तक काढत होती, नव्या ठिकाणच्या ब्रदरांनी शाळा कशी चालवावी यासाठी जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी.

"तू संडासाचं लिही," तो म्हणाला. "दुसरं काय लिहिणार तू?"

मी लिहिलं, वर जे सांगितलं तेच. पंधरा दिवसांनी छापायला जाणारं पान माझ्याकडे तपासायला आलं. सगळं नीट होतं, फक्त मधला भाग बदलला होता. ब्रदरांनी पोरांसमोर संडास धुतले, ती नम्रता पाहून माझ्या वडिलांचं मन पालटलं आणि त्यांनी मला झाडू धरायची परवानगी दिली. टेबलावरचा खराटा नव्हता. फाटकापाशी बसलेला माणूस नव्हता.

मी अण्णाला फोन केला.

"अरे, संपादकानं जरा मऊ केलंय," तो म्हणाला. "वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. गोष्ट तीच हाय की."

"तीच कशी? माझ्या बापाचं मन पालटलं न्हाई. त्यांचं पालटलं."

"एवढ्यावरून कामून भांडायलास?"

"एवढंच तर हाय. दुसरं काय हाय त्यात?"

"इतकी वर्षं तिथलं खाल्लंस तू."

"खाल्लं. कुणाच्या पंगतीतही उठून सांगीन, खाल्लं म्हणून. पण अण्णा, नम्रता शिकायला मी तिथं आलो नव्हतो. ती आमच्या घरात लई होती, आजा पायरीवर ठेवून आला ती. मोठे ब्रदर असते तर त्यांनीच तुमच्या संपादकाला सांगितलं असतं. ते गेले. आता दोघंच राहिलो सांगायला, मी आणि अप्पा. जसं घडलं तसं छापा, न्हाईतर माझं पान काढा."

शेवटी त्याने संपादकाशी बोलतो म्हणून फोन ठेवला. चार दिवसांनी त्याचा निरोप आला. ते ऐकत नाहीत, पान काढलं. त्याच निरोपात पुढे विचारलं होतं, "तिथं मला तक्ता करावा लागंल. कसा करू?"

मी लिहिलं, "आधी विचार, तिथं पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या हातात खराटा होता. त्यांची पोरं शेवटी. पहिला तू, उजेडात."

पुस्तक आलं तेव्हा मी ते गावी घेऊन गेलो. जाड कागद, रंगीत फोटो, व्हरांड्यातला नकाशा पहिल्याच पानावर, आता लाल ठिपक्यांनी भरलेला. अप्पांनी चष्मा लावून पानं उलटली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण शाळेची इमारत ओळखली.

"तुझं कुठं हाय?"

"न्हाई. त्यांनी बदललं, मी काढायला लावलं." मग काय बदललं होतं ते सांगितलं.

अप्पा ऐकत होते. मधे एकदा हसले. "माझं मन पालटलं म्हणं," ते माझ्या आईला म्हणाले. "आइकलंस का?"

त्याच आठवड्यात आफ्रिकेतून अण्णाचा आवाज आला, फोनवर साठवून पाठवलेला. मागे पोरांचा गलका होता. "आज मी धुतले बग. पोरं लई हसली. उद्या मास्तरांचा दिवस, एकाची पाठ आत्ताच दुखायलीय." मी ते अप्पांना दोनदा ऐकवलं.

त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. "तू खरं लिहिलं होतंस ना?"

"व्हय."

"मग ते फाडू नको. दुसरीकडं छाप."