स्टीलच्या आरशातली ताई

या बफिंगवाल्याला बहुतेक गोष्टींची किळस येते. शेठच्या हसण्याची, कारखान्यातल्या चहाच्या कपांची आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या रुमालाची. दिवसभर फिरत्या कापडी चाकाला मेणाची वडी लावत स्टील घासायचं; संध्याकाळी नाक शिंकरलं की काळा चिखल बाहेर येतो. "लोकांना तोंड दिसावं म्हणून आपलं बरबटून घ्यायचं," असं म्हणून तो थुंकतो. अंघोळ झाल्याशिवाय बायको त्याला घरात कशालाही हात लावू देत नाही.

तो स्टीलचे आरसे करतो. काच फोडून कुणी स्वतःला इजा करून घेईल अशी भीती असते, तिथे हे आरसे भिंतीला ठोकतात. गेल्या वर्षी मनोरुग्णालयाची ऑर्डर आली तेव्हा शेठने शेवटचं काम गाळायला सांगितलं. खरखरीत घासपट्ट्यावर घासायचं, कापडी चाकावर न्यायचं नाही.

"अहो शेठ, ओरखडे राहतात त्यात."

"राहू देत. वेड्यांना काय आरशात बघून लग्नाला जायचंय?"

माल गेला.

यंदा त्याची मोठी बहीण त्याच रुग्णालयात दाखल झाली. नवरा गेल्यापासून तिची झोप उडाली होती. औषधांनी झोप आली, पण तिने जेवण सोडलं. नर्सचा फोन आला : "काका, तुमच्या ताई म्हणतात, मेलेल्या माणसाला जेवण कशाला? उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल."

तो धावत गेला. ताई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. "न्हाणीघरातल्या आरशात मेलेलं तोंड दिसतं माझं, जा, बघून ये. मी गेलेय, तुम्हालाच कळत नाही."

न्हाणीघरात फिनेल आणि शिळ्या लघवीचा वास होता, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता. भिंतीवर त्यानेच घासलेला पत्रा. आडव्या ओरखड्यांवर पडलेला उजेड वर-खाली फाकतो, त्यामुळे चेहरा उभा ताणलेला दिसतो. शिवाय स्टील स्वतःवर पडलेल्या उजेडातला सुमारे तिसरा हिस्सा गिळून बसतं. काचेमागचा चांदीचा थर जवळजवळ सगळा परत करतो. समोर दिसलं ते लांबुडकं, राखाडी, डोळ्यांच्या जागी दोन डाग असलेलं काहीतरी होतं.

"शी! याला आरसा म्हणतात?"

"आम्ही नाही आणला, काका," नर्स म्हणाली. "वरून आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातात धरून चालवायचं मशीन आणि कापडी चाक घेऊन आला. पत्रा भिंतीवरच घासायला लागला. काळे शिंतोडे फरशीभर उडाले.

"हे पुसणार कोण? तुमचे वाडवडील?" सफाईवाली ओरडली.

"पुसतो हो, बाई. आधीच कुठे स्वर्ग होता इथे!"

ओरखडे गेले. त्याने ताईला हाताला धरून आणलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"तोंड आखूड झालं. पण रंग मेलेल्याचाच आहे."

कितीही घासलं तरी स्टील उजेडातला आपला वाटा सोडत नाही. चिडून त्याने आपलं डोकं तिच्या डोक्याशेजारी नेलं. "आता मला बघ. आरशात बघ, मग इकडे बघ."

ताईने दोन्हीकडे पाहिलं. "तू तर इथेही काळाच आहेस."

खरंच होतं. नाकापासून कानापर्यंत मशीनची घाण माखली होती. शिव्या देत त्याने साबणाने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, शर्टाला पुसलं आणि परत शेजारी उभा राहिला. आरशात तोही राखाडी. ताई वळली. समोर लालबुंद, साबणाने चुरचुरणाऱ्या डोळ्यांचा भाऊ. तिने पुन्हा आरशात पाहिलं.

"आत दोघंही मेलोय, ताई. बाहेर दोघंही आहोत. कळलं?"

"तू मेला असतास तर मला कुणीतरी कळवलं असतं," ती विचार करून म्हणाली.

"मग?"

"मग चल."

ताट गार झालं होतं, कडेला तुपकट थर धरला होता. त्याने तोंड वाकडं केलं. ताईने कुरकुरत निम्मं खाल्लं. नर्सने नळीचा ट्रे उचलून परत नेला.