होडीला हात लावायचा नाही

मामाचा धंदा दरीत गेलेल्या गाड्या वर काढायचा. आंबेनळी घाटात एखादा ट्रक कठडा तोडून खाली गेला की पोलादपूरला मामाचा फोन वाजतो, आणि मामा साखळ्या, दोर, चेनपुली आणि आम्हा तिघा भाच्यांना घेऊन निघतो. मी बिरवाडीत खोली घेऊन कंपनीत पाळ्या करतो, पण मामाने बोलावलं की सुट्टी टाकतो. मामाला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

त्या उन्हाळ्यात काम आलं ते पाण्यातलं. महाडच्या खाली, सावित्रीच्या खाडीत एका म्हाताऱ्या चाचांची होडी बुडाली होती. माणसं, मोटारसायकली, बकऱ्या या काठावरून त्या काठावर नेणारी इंजिनाची होडी. मागच्या पुरात ती दावं तोडून गेली आणि वाळूने भरून तळाला बसली. पावसाळा पुन्हा तोंडावर आला होता. आणखी एक पूर आला असता तर फळीसुद्धा हाती लागली नसती. चाचांचं पोट त्या होडीवर. दुसरी घ्यायची ना ऐपत होती, ना वय.

मामा चेनपुली लावायला निघाला तर चाचा म्हणाले, ओढशील तर मोडेल. ओहोटीला वाळू उपसायची, रिकामी पिंपं बांधायची, उधाणाची भरती तिला आपोआप उचलते. मामाला ते रुचलं नाही. घाम न गाळता होणारं काम त्याला कामच वाटत नाही. तरी त्याने ऐकलं. भंगारवाल्याकडून निळी पिंपं आणली, पौर्णिमेला सकाळी ओहोटीत उतरून ती बांधली आणि आम्ही होडीतली वाळू फावड्याने बाहेर टाकू लागलो.

इथेच घोळ झाला. सावित्रीत फावडं दिसलं की सरकारला वाळूचोर दिसतो, आणि सरकारचं दर वेळी चुकतंच असंही नाही. हवालदाराला घेऊन नायब तहसीलदार आले. तरुण होते, घाटावरचे. आम्ही म्हणालो, वाळू नाही, होडी काढतोय. ते म्हणाले, फावड्यात काय आहे मग? मामा म्हणाला, हवी तर परत भरून देतो, मोजून घ्या. झालं, दोघांची जुंपली. चाचा होडीचे कागद घेऊन मध्ये उभे होते, त्यांना कोणी विचारेना. शेवटी साहेबांनी हुकूम सोडला.

"चौकशी होईपर्यंत होडीला कोणी हात लावायचा नाही."

"नाय लावत," मामा म्हणाला आणि हाताची घडी घालून काठावर बसला.

होडीचा दोर काठावरच्या झाडाला बांधायचा तेवढा राहिला होता. मी मामाच्या कानाशी लागून ते सांगितलं. म्हणाला, हुकूम हाय. मला दोघांचाही राग आला. मामाचा जास्त, कारण तो आपला.

साहेब पंचनामा लिहीत बसले. दुपारी पाणी चढलं, पिंपं कुरकुरली, चिखलाने होडीला सोडलं आणि ती सावकाश वर आली. साहेब उठून उभे राहिले. कोणी उचलली, म्हणून विचारू लागले. मामा म्हणाला, आमी तर हितंच हाव. त्याच्या चेहऱ्यावरची ऐट मला बघवेना.

थोड्या वेळाने पाणी फिरलं. ओहोटी लागली तशी होडी खालच्या खडकांकडे सरकू लागली. चाचा कागद टाकून पाण्यात शिरले. दोराचं टोक त्यांना सापडलं, पण होडी थांबेना, तीच त्यांना ओढून नेऊ लागली. पाणी त्यांच्या छातीला लागलं. मामाची घडी सुटली होती, पण तो साहेबांकडे बघत होता आणि साहेब लिहिलेल्या कागदाकडे. चाचांनी दोर न सोडता मान वळवली.

"सायेब, होडीला नका लावू हात. मला धरा."

मामाने उडीच मारली. त्याने चाचांची कंबर धरली, भावांनी मामाची, मी भावांची. तरी आमचे पाय चिखलावरून घसरत होते. तेवढ्यात माझा सदरा मागून कोणीतरी गच्च धरला. वळून पाहिलं तर साहेब, बुटांसकट पाण्यात, दुसऱ्या हाताने पंचनामा डोक्यावर धरून.

"सोडू नका," ते म्हणाले.