आतला पॅड

दडवलेलं पाप माणसाला आतून पोखरत राहतं, असं सगळ्या थोर पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी ती बरीचशी वाचली आहेत. मला काही पोखरलं नाही. उलट वजन वाढलं. तरीही हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोनेक वर्षांनी मी सुरतेत, बमरोलीच्या एका कापडाच्या लूम कारखान्यात सुपरवायझर होतो. वाचणारा माणूस म्हणून शेठ मला ‘मास्तर’ म्हणायचे. मला ते आवडायचं — किती आवडायचं, हे आठवलं की किळस येते. कामगारांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो. ज्ञानी ठरायला तिथे एवढं पुरायचं.

दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक यंत्राला आधी ग्रीस, मग कुंकू. शेठची दहा वर्षांची मारुतीही त्या रांगेत. तिचा ड्रायव्हर सुपडू गावी, शिरपूरला गेलेला. बाकीचे लूम पुसण्यात गुंतलेले. मी मोटारदुरुस्तीचं पुस्तक बॉनेटवर उघडलं आणि पुढचं डावं चाक उतरवलं. ब्रेकचे आतला-बाहेरचा असे दोन पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनांवर सरकतो, त्यांना मी लूमचं ग्रीस फासलं. ग्रीस ते ग्रीस, नाही का? त्याने पिनांवरचं रबर फुगतं, हे पुढच्या पानावर होतं. ते पान मी नंतर वाचलं.

दिवाळीनंतर काही महिन्यांनी पर्वत पाटियाच्या चौकात सुपडूने ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि साड्यांच्या हातगाडीवर आदळली. शेठच्या कपाळावर टेंगूळ आलं. ते त्यांनी आठवडाभर पदकासारखं मिरवलं.

कारखान्याच्या अंगणात चाक उघडलं. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. पिना फुगल्या रबरात रुतलेल्या. कॅलिपर सरकलाच नव्हता, म्हणून एकटा आतला पॅड घासत राहिला — मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी काय केलं? चिंधीने पिना पुसल्या. मग चष्माही पुसला.

“मास्तर, कोनो वांक?” शेठना चूक कोणाची ते हवं होतं.

“ड्रायव्हरची. हा ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो.”

सुपडू चाकापाशी उकिडवा बसला होता. “अप्पा, मी पाय ठेवस त दोन्ही पॅड घसतीन ना? एकलाच कसा घसना?”

चौथी शिकलेल्या माणसाने पुस्तकाशिवाय नेमकं बोट ठेवलं होतं. मी त्याला उत्तर दिलं का? छे — मी घर्षणावर बोललो. पाच मिनिटं. दाब, उष्णता, मधूनमधून इंग्रजी. शेठ मान डोलवत होते, कारण त्यांना काही कळत नव्हतं. कळलं असतं तर मी तिथेच संपलो असतो.

“तुम्ही शिकेल शेतस अप्पा,” सुपडू म्हणाला. “तुम्ही म्हंतस त व्हई.”

हा टोमणा होता की विश्वास? मी ते ठरवायचं टाळलं. अजून टाळतो.

शेठनी त्याला लूमवर टाकलं. चार वर्षांत त्या खडखडाटाने त्याचे कान गेले. कोसाडहून सायकलने यायचा, फाटकात मला बघून बहिऱ्या माणसांसारखा मोठ्याने “रामराम अप्पा!” ओरडायचा. मीही हात जोडायचो. खरं सांगायचं तर आता ओरडून सांगावं लागलं असतं, सगळ्यांच्या कानावर गेलं असतं. म्हणजे मला आणखी एक सबब मिळाली. ती मी वापरली.

त्या दिवशीचं एक राहिलं. नवे पॅड बसले, सुपडू किल्ली टेबलावर ठेवून गेला. शेठनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आज तुम्हीच मला घरी सोडा.

मला गाडी चालवता येत नव्हती.