डावा लहान, उजवा मोठा

कल्पना करा, तुमच्या मांडीवर नऊ वर्षांच्या एका मुलीचा डावा पाय आहे. उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड, टाचेशी निमुळता, बाहेरच्या कडेला लहानपणीच्या दोन शस्त्रक्रियांचा वण. घोटा पुढे वाकत नाही. वाकवायला गेलात तर टाचच वर उचलली जाते. समोर स्की-बूट आहे. नडगीच्या मध्यापर्यंत येणारं कडक प्लास्टिक, आणि तेही मुळातच पुढे झुकलेलं. आता हा पाय त्या बुटात बसवा. जरा लवकर, मागे आठ जण उभे आहेत आणि त्यातला एक मुद्दाम घसा खाकरतोय.

बूट भाड्यानं देणाऱ्या दुकानातल्या माणसानं ते असं केलं. त्यानं मुलीचा गुडघा धरला, आणि भरलेल्या पोत्यात शेवटचे दोन कांदे कोंबावेत तसा पाय आत कोंबला.

"बसला बघा."

"टाच वर राहिलीये," मुलीची आई म्हणाली.

"थंडीत आखडतो हो पाय. बर्फावर गेलं की आपोआप बसतो. काय गं, दुखतंय का?"

"नाही," मुलगी म्हणाली. तिला घरी खारू म्हणतात. खारीसारखी एका जागी ठरत नाही म्हणून.

"डाव्याला तीन नंबर लहान बूट द्या ना," आई म्हणाली.

"जोडी फोडता येत नाही. उरलेल्या दोन बुटांचं मी काय लोणचं घालू?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आईनं क्लिपा उघडल्या, पाय सोडवला आणि बुटाच्या आत हात घातला. बोटांना काहीतरी चिकटलं. कुणाच्या तरी टाचेवरची जुनी औषधपट्टी, मध्ये पिवळी, कडेला दोन केस.

आता ही बाई काही नाजूक नाकाची नव्हे. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या आणि कॅपा बनवते. बारा वर्षं परक्या माणसांच्या तोंडांचे ठसे तिच्या टेबलावर येतायत. त्यात कधी रक्त असतं, कधी पालेभाजीचा तुकडा. ते धुऊन त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर ती डबा खाते. पण त्या दिवशी दुकानाबाहेर आल्यावर ती गटारात थुंकली. पट्टीमुळे नव्हे. 'आपोआप' या शब्दामुळे.

सोमवारी शाळेची सहल बर्फात जाणार होती, पाच दिवसांसाठी. पायाला नीट बसणारे बूट नसतील तर मुलाला उतारावर सोडायचं नाही, हा स्की शिकवणाऱ्यांचा नियम. त्या संध्याकाळी वर्गाच्या बाईंचा फोन आला.

"आपण तिला फोटो काढायचं काम देऊ या का? उपाहारगृहाला मोठ्या काचा आहेत. बसल्या बसल्या सगळं दिसतं. तिलाही सहलीला आल्यासारखं वाटेल."

"ती सहलीलाच येणार आहे ना?"

"हो हो, म्हणजे तेच."

फोन ठेवल्यावर आईनं भांडी घासली. घासलेलीच परत घासली. खारूचे बाबा दारात उभे राहून बघत होते. "अगं, त्या पातेल्यानं काय केलंय तुझं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आता माझ्या पोरीच्या पायाला एकही दुकानदार हात लावणार नाही. बघच तू."

तिनं कामाच्या ठिकाणाहून ठसे घ्यायची गुलाबी पावडर आणली. बादलीत कालवली, खारूला उंच स्टुलावर बसवून पाय त्यात सोडला.

"आई, माझ्या पायाला पुदिन्याचा वास येतोय."

"हलू नकोस. लोकांना ओकारी येऊ नये म्हणून घालतात तो वास."

"माझ्या पायाला कशी ओकारी येईल?"

ठसा निघाला, त्यात प्लास्टर ओतलं, आणि सकाळी तिच्या हातात खारूचा पांढरा डावा पाय होता. वणाची रेघसुद्धा उमटली होती. दाताच्या कॅपेला केसभर फरक चालत नाही. इतक्या बारकाईची सवय असलेल्या हातांचं काम होतं ते. तिनं तो टॉवेलात गुंडाळला आणि सुट्टी टाकून एकटीच निघाली.

पहिल्या दुकानातली मुलगी टॉवेल उघडताच "ई!" म्हणून मागे सरली. दुसऱ्या दुकानात एकानं विचारलं, "शोभेची वस्तू आहे का?" आणि उत्तर ऐकण्याआधीच फोटो काढला. तिसऱ्यात मालकानं पायाकडे न बघता तिच्याकडे बघितलं आणि मान हलवत म्हणाला, "देवानं असं करायला नको होतं." आईला वाटलं, हाच पाय याच्या टकुऱ्यात घालावा. पण प्लास्टर ठिसूळ असतं.

चौथं ठिकाण दुकान नव्हतंच. एका इमारतीच्या तळघरात बूट दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. सगळे त्याला काका म्हणत. त्यानं पाय हातात घेतला, दिव्याखाली फिरवला.

"काम सुबक आहे. कुणी केलं?"

"मीच. दातांच्या कवळ्या बनवते मी."

"दोन जोड घ्यावे लागतील. एकातला उजवा, एकातला डावा. डाव्याचं प्लास्टिक तापवून या ठशावर ताणतो."

शुक्रवारी दुपारी बूट तयार झाला. प्लास्टरचा पाय त्यात असा बसला, की कागदही सरकला नसता. आई दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. काका म्हणाले, "पोरीला आणायला हवं होतं." "तिला तेवढं सोडा, काका," ती म्हणाली. "खूप झालं तिला."

घरी खारूनं बूट चढवले, क्लिपा लावल्या, उभी राहिली.

"दुखतंय?"

"नाही. मस्त आहे."

"खरंच?"

"हो गं आई!"

खारू दहा मिनिटं खोलीभर खडखडत फिरली. मग पलंगाच्या कडेला हात टेकून उभी राहिली आणि खालचा ओठ दातांत धरला. आईनं बूट उतरवला. मोज्याच्या बाहेरच्या कडेला रक्ताचा ठिपका होता. वणावरची कातडी सोलून तिची गुंडाळी झाली होती, ओल्या कागदासारखी.

दुकानदाराचं ठीक होतं, तो परका. पण या बुटाला तर आईचेच हात लागले होते.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की मग तुम्ही मला नेतच नाही," खारू म्हणाली.

शनिवारी सकाळी दोघी तळघरात. काकांनी पट्टी बांधलेला पाय बघितला आणि आईला विचारलं, "ठसा घेताना ही बसलेली होती का?"

"हो. स्टुलावर. पाय सोडून."

"अहो, दात बसलेल्या माणसाच्या तोंडातही तेवढाच असतो आणि उभ्याच्याही. पायावर वजन आलं की तो पसरतो. ही तर बाहेरच्या कडेवर उभी राहते."

बारा वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ती कानापर्यंत लाल झाली.

काका खारूकडे वळले. "तू कुठे होतीस एवढे दिवस?"

"घरी. आईच माझा पाय घेऊन फिरत होती."

काका खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी टाचेखाली पाचर सरकवली, म्हणजे न वाकणारा घोटा पुढे झुकलेल्या बुटात उभा राहील. "आता मी दाबणार. दुखतं का, ते विचारणार नाही. दुखलं की मला बैल म्हणायचं."

खारूनं आईकडे बघितलं. आईनं मान डोलावली.

"इथे?"

काही नाही.

"इथे?"

"बै... बैल."

"ऐकू आलं नाही."

"बैल!"

"शाब्बास. इथे?"

"बैल! बैल! मोठ्ठा बैल!"

प्रत्येक बैलागणिक काका खडूनं बुटावर खूण करत होते. अकरा खुणा झाल्या. आई मोजत होती, आणि प्लास्टरच्या पायावर त्या अकराही जागा तिनं स्वतःच्या बोटांनी गुळगुळीत केल्या होत्या. काकांनी प्लास्टिक पुन्हा तापवलं, आतून ताणलं, अस्तर दोन ठिकाणी कापलं. दुपारी खारू अर्धा तास उभी राहिली. पाचव्या मिनिटाला एक बैल आला, काकांनी तो घासून काढला, आणि पुढची पंचवीस मिनिटं तळघरात फक्त तिची बडबड होती.

सोमवारी ती गेली. मंगळवारी बाईंचाच फोन: "उतारावर आहे हो. पडते, उठते. शिकवणाऱ्यांना मात्र मधूनच काहीतरी बैल-बैल ओरडते. आम्हाला कळलं नाही." आईनं समजावून सांगितलं. फोटोंचं काम कुणाला दिलं, ते विचारायचा मोह तिनं आवरला.

घरात उरले होते दोन नवे कोरे बूट, उजवा लहान आणि डावा मोठा. तिनं बूट बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. अशी जोडी कुणाला लागते का, कुणी मागितली आहे का? पलीकडची गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही तशी नोंद ठेवत नाही. बूट जोडीनंच येतात." तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, त्याच गोडव्यात. तो गोडवा जिभेवर साखर जळल्यासारखा बसला.

खारूसारखंच, फक्त उजवा पाय आखूड असलेलं एखादं पोर असणारच. त्याच्याही आईनं दोन जोड घेतले असतील, आणि खारूला पुढच्या वर्षी लागणारे बूट कदाचित तिच्या माळ्यावर पडले असतील. ती बाई कुठे राहते?