हॅमिशला कोण भरवत होतं

माझ्या फजितीच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या नसतील, तर इथे न्यूझीलंडला, पोरिरुआत, आमच्यातल्या कुणालाही विचारा. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत रिव्हर्स घेताना परीक्षकाच्याच गाडीला धडकलो, ती. पहिल्यांदा मासे पकडायला गेलो आणि गळ स्वतःच्याच कानात अडकवून घेतला, ती. बायकोने मला तसंच, गाडीच्या खिडकीतून गळाची काठी बाहेर काढून, दवाखान्यात नेलं होतं. मी स्वतःवर हसतो, लोक माझ्यावर हसतात आणि पुढचं कुणी काही विचारत नाही. मोठी सोय असते ती. जो माणूस आपणहून इतकं सांगतो, तो काही लपवत असेल अशी शंका तरी कुणाला येणार?

एक गोष्ट मात्र मी सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, पुष्कळदा, टाळ्याही घेतल्यात. पण ती खोटी. खरी कालपर्यंत कुणालाच माहीत नव्हती. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी हॅमिश आला. आठ आठवड्यांचं, लोण्याच्या रंगाचं लॅब्रेडॉरचं पिल्लू. आमचा नव्हता तो. इथली एक संस्था अंध लोकांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करते, आणि अशा कुत्र्याचं पहिलं वर्ष साध्या घरात जातं. घरातल्यांनी त्याला वळण लावायचं, गर्दीची, बसची, दुकानांची सवय करायची आणि वर्षभराने परत द्यायचा, म्हणजे त्याचं खरं शिक्षण सुरू होतं. माझी मुलगी माही तेव्हा बारा वर्षांची होती. तिने हट्ट धरला, फॉर्म भरले, आम्ही सह्या केल्या. "वळण लावायचं काम आणि आपल्या घरात?" वैशाली, माझी बायको, माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी तुला तरी लागू दे."

हॅमिशने गाडीत माझ्या मांडीवर मुतून शुभारंभ केला.

नियम पुष्कळ होते. सोफ्यावर नाही. पलंगावर नाही. आणि सगळ्यात मोठा — माणसाच्या ताटातलं काही नाही. कणसुद्धा नाही. संस्थेची जोआन नावाची बाई दर महिन्याला त्याला बघायला यायची, तिने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. ज्या कुत्र्याला आपल्या अन्नाची चव लागली, तो उद्या रस्ता ओलांडताना पडलेल्या बटाट्याच्या चिपकडे वळेल. आणि त्याचा पट्टा ज्याच्या हातात आहे, त्याला तर गाडी येतेय हे दिसतच नाही. इतकं स्वच्छ सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

त्या वर्षी माझे बाबा आमच्याकडे होते. आई गेल्यापासून ते वर्षातले बरेच महिने इथे असतात. अमरावतीकडे वीज मंडळात लाइनमन होते. जन्म खांबांवर गेला. "लाइन बंद आहे का हे जो दोनदा पाहत नाही, तो तिसऱ्यांदा पाहाले राहत नाही," असं म्हणणारा माणूस. त्यांनी माहीकडून सगळे नियम मराठीत समजून घेतले, ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावले, आणि त्या दिवसापासून हॅमिश त्यांच्या हाताखाली गेला. बाबांना इंग्रजी येत नाही. पण 'सिट', 'वेट', 'लीव्ह इट' आणि शू करायला लावायचं 'बिझी-बिझी' हे चार शब्द ते अशा थाटात म्हणायचे की शेजारचे काका एकदा आपले आपणच थांबले. सकाळी पंचशील म्हणून झालं की बाबा आणि हॅमिश फिरायला. दुपारी माही शाळेतून आली की तिघंही. ती इंग्रजीत बोलायची, बाबा मराठीत, हॅमिश दोघांचंही ऐकायचा.

आणि मी? मी घरातून काम करायचो. माझ्या शुगरमुळे वैशालीने मला दोन कोरड्या पोळ्यांवर आणलं होतं. जेवायला बसलो की हॅमिश टेबलाखाली माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडायचा. एके दिवशी मी पोळीचा तुकडा खाली नेला. त्याने तो इतक्या हळू, इतक्या सभ्यपणे उचलला — दात लागलेसुद्धा नाहीत.

आता इथे मी तुम्हाला सांगू शकतो की, लहानपणी आमच्याकडे शेवटची चतकोर भाकर कुत्र्यासाठी काढून ठेवल्याशिवाय आई जेवत नसे. खरंच आहे ते. दारात कुत्रं उभं असताना आपण एकट्याने जेवायचं हे हाताला जमत नाही. पण आईला मध्ये आणून काय उपयोग? ती उजेडात, सगळ्यांसमोर द्यायची. मी टेबलाखालून, दाराकडे लक्ष ठेवून द्यायचो. ते दान नव्हतं, लाच होती.

लाच कशासाठी? हे लिहायला मला दोन दिवस लागले. हॅमिश माझ्याकडे बघायचाच नाही हो. आणि माहीसुद्धा. दार उघडलं की दोघं बाबांकडे धावायचे. मी पंचेचाळीस वर्षांचा घोडा, आणि मला माझ्या बापाचा हेवा वाटत होता. तुकडा दिल्यावर तो माझा व्हायचा. बाबांनी हाक मारली तरी क्षणभर माझ्याच हाताकडे बघत राहायचा. तो क्षण मला आवडायचा. मग पोळीला तूप लागायला लागलं. मग थालीपीठ. मग एकदा वैशालीने दिवाळीच्या चकल्या मोजल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शुगरवाल्या माणसा, जरा लाज!" मी लाजलो. चकल्या कुणी खाल्ल्या, ते सांगितलं नाही.

अकरा महिन्यांचा झाल्यावर जोआन त्याला आणि मला मॉलमध्ये घेऊन गेली. त्याचा पट्टा तिच्या हातात होता. खाण्याच्या दुकानांपाशी एका बाबागाडीतल्या लहानग्याच्या हातात बिस्किट होतं. हॅमिश वळला. जोआनने 'लीव्ह इट' म्हटलं — ऐकलं नाही. त्याने असा हिसका दिला की जोआन गुडघ्यावर पडली. ते मूल किंचाळलं. आणि हॅमिशने बिस्किट उचललं — हळू, सभ्यपणे, दात न लावता. मी शिकवलं होतं तसं.

घरी आल्यावर जोआन स्वयंपाकघरात बसली. गुडघ्यावर बर्फ धरलेला. माही शाळेत, वैशाली कामावर; घरात बाबा, ती आणि मी. तिने विचारलं, घरात कुणी त्याला खायला देतं का? आवाजात राग नव्हता. कारण कळलं तर पुढे काय करायचं ते ठरवता येईल, म्हणाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणते रे ती?"

मी सांगितलं. बरोबर सांगितलं. बाबांनी दोन्ही हात हलवले. "मी? नाही बा. एक कणही नाही. सांग तिले."

आणि जोआन माझ्याकडे बघत राहिली. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "ही सेज सॉरी. समटाइम्स ही गिव्ज हिम फूड. ही इज ओल्ड, ही फर्गेट्स."

झालं. चार सेकंदही लागले नाहीत. जोआनचा चेहरा मऊ झाला. तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच थोपटलं. बाबा खुलले. त्यांना वाटलं, आपलं म्हणणं तिला पटलं. त्यांनी हात जोडले आणि "किया ओरा, किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत तिला दारापर्यंत सोडायला गेले.

तेव्हा मागे धावायला किती पावलं होती? आठ. मी कप विसळत बसलो.

आठवड्याने संस्थेचं पत्र आलं. हॅमिशला दुसऱ्या घरी हलवतोय. आजोबांना वाईट वाटू देऊ नका, वयामुळे होतं असं. पत्र वैशालीच्या हातात पडलं आणि तिच्या खांद्यावरून माहीने वाचलं. बाबा आणि मी जेवायला बसलो होतो; माही बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, यू रुइन्ड हिम! यू वेअर फीडिंग हिम, अँड यू लाइड!" बाबांना 'आजोबा' कळलं, 'फीडिंग' कळलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ते थांबले होते — पुरेसा वेळ थांबले होते.

मी म्हणालो, "भाजीत मीठ कमी झालंय."

बाबा म्हणाले, "सांडलं असंन माझ्या हातून. मले आठवत नाही, बाळा. पण सांडलं असंन."

तुम्हाला वाटेल, बापाने पोराला वाचवलं. मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. तसं समजण्यात एक गोडवा होता. पण नाही. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं. पत्रात लिहिलंय म्हणजे झालं असणार. पोरगा गप्प आहे म्हणजे त्याने पाहिलं असणार. मग आपल्यालाच कसं आठवत नाही? चहाबरोबर खारी खाताना ते खाली वाकून फरशी बघायला लागले. मग खारीच सोडली. गॅस बंद केला का, हे तीन-तीनदा बघायला लागले. जन्मभर दोनदा बघून भागलं होतं त्यांचं.

आणि मी काय केलं, ऐका. बुद्ध पौर्णिमेच्या जेवणाला, हॉलमध्ये आपली सगळी मंडळी जमलेली असताना, मी 'आजोबा आणि आंधळ्यांचा कुत्रा' ही गोष्ट रंगवून सांगितली. बाबांची नक्कल करून. हात कसा टेबलाखाली जातो, तोंड कसं साळसूद राहतं. अगदी हुबेहूब जमली, कारण तो हात माझाच होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. बाबा समोरच्याच रांगेत होते. तेही हसले. बाजूच्या गृहस्थांना म्हणाले, "होते असं म्हातारपणी." त्या सकाळी त्याच हॉलमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं. माझा आवाज त्यातही मोठा होता.

हॅमिशची सवय दुसऱ्या घरीही सुटली नाही. सहा महिन्यांनी त्याला शिक्षणातून काढलं. आता तो कुणाचा तरी पाळीव कुत्रा आहे, जाडा झालाय म्हणतात. ज्या माणसाला तो मिळायचा होता, तो कोण? बाई की पुरुष? कुत्र्याविना आणखी किती वाट बघावी लागली? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

माही आता सोळाची आहे. आजोबांशी नीट वागते. 'गुड मॉर्निंग', 'थँक यू', सगळं. त्यांच्याबरोबर फिरायला जात नाही.

गेल्या रविवारी बाबांनी आपली बँकेची कार्डं, घराची किल्ली आणि पासपोर्ट एका पिशवीत घालून पिशवी माझ्यापुढे ठेवली. "हे तुझ्यापाशी ठेव. आणि मले डोक्याच्या डॉक्टरकडे ने." मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "काही झालं नाही. पण तीन वर्षं झाले, मले समजून राहिलं. त्या कुत्र्याले मी खाऊ घालत होतो आणि मले एक दिवस आठवत नाही. तेव्हापासूनच डोकं चाललं असंन ना माझं?"

गुरुवारची वेळ मिळाली आहे. डॉक्टर विचारेल, हे कधीपासून सुरू झालं? बाबा हॅमिशचं नाव घेतील. आणि ते वाक्य इंग्रजीत करायला खोलीत पुन्हा मीच असेन.

नाही. हे होणार नाही. गुरुवारची वाट मी बघणार नाही. आज सकाळी जोआनला मेल पाठवला. चार ओळींचा, एकही विनोद न घातलेला. माझ्याकडून आजवर गेलेल्यांतला बहुधा पहिलाच. आता माहीची यायची वेळ झालीय, वैशाली आज घरीच आहे. बाबा मागच्या अंगणात वाऱ्याशी झगडत दोरीवरचे कपडे काढताहेत. सगळे टेबलाशी आले की मी उभा राहणार आहे. नक्कल नाही, गोष्ट नाही. मराठीत सांगेन, मग माहीकडे बघून इंग्रजीतही. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला हॉलमध्येही सांगेन; ज्यांना हसवलं, त्यांनाही कळायला हवं. बाबा काय म्हणतील, माही काय म्हणेल, ते त्यांचं. मी ते आधी ठरवून ठेवलेलं नाही.

फाटक वाजलं. माही आली.

पहिलं वाक्य पाठ केलंय — बाबा, तुम्ही काहीही विसरला नव्हता. हॅमिशला मी भरवत होतो. पुढचं वाक्य मी तयार केलेलं नाही.