तुम्ही काय, घरच्याच!

मी शिकवत होते त्या मुलुंडच्या मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापक नोकरी सोडून गावी गेले, तेव्हा संस्थेच्या चिटणिसांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, नवीन माणूस मिळेपर्यंत जरा सांभाळा." त्या 'जरा'ला दोन वर्षं झाली. वेळापत्रक मी लावायचं, इन्स्पेक्टर आले की सामोरं मी जायचं, भांडुपच्या एखाद्या मुलीचे वडील "सातवी झाली, आता पुरे" म्हणाले की त्यांच्या घरी जाऊन वादही मीच घालायचा. आणि कुणी विचारलं तर मी काय सांगायचे? "जरा सांभाळतेय." शहाणीच होते मी!

मग एकदाची मुख्याध्यापकाच्या जागेची जाहिरात निघाली. मी अर्ज केला. चिटणीस तो बघून चक्क हसले. "अहो बाई, तुम्ही काय, घरच्याच! तुम्हाला अर्ज कशाला हवा?" मला वाटलं, वा, म्हणजे मुलाखतीशिवायच नेमणार. कसलं काय! शनिवारी बोलावलेल्या उमेदवारांत माझं नावच नव्हतं. वर निरोप आला, पाहुण्यांना नीट बसवा, चहापाण्याचं बघा.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "कशाला वाकड्यात शिरतेस? आहे ती नोकरी जायची." भीती मलाही होतीच. पण उद्या कुणीतरी येणार, त्याला सगळी शाळा मी समजावून देणार आणि पुन्हा घरची म्हणून मागे उभी राहणार? छे! ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

शनिवारी ठेवणीतलं इरकल नेसून गेले. व्हरांड्यात तिघे गृहस्थ बसले होते. मी वर्गातून आणखी एक खुर्ची आणली आणि त्यांच्या ओळीत बसले. पुण्याहून आलेले गृहस्थ जरा वेळानं म्हणाले, "बाई, चहा मिळेल का?"

"मिळेल की. शिपायाला सांगा. मीही मुलाखतीलाच आलेय."

बिचारे अंग चोरून बसले. तिसऱ्यांची मुलाखत आटपली तसा आमचा मालवणी शिपाई दारातून म्हणाला, "बाई, आता तुमचोच नंबर. जावा." त्याला तसं कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी उठले आणि आत गेले.

टेबलामागे सगळी समिती. मी न विचारताच खुर्ची ओढून बसले. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "यजमानांची परवानगी आहे?"

"आधीच्या तिघांना बायकोची परवानगी विचारलीत?"

"पुरुष शिक्षक तुमचं ऐकतील?"

"मग इतके दिवस कुणाचं ऐकतायत?"

त्यानंतर मी थांबलेच नाही. काय काय केलं ते सांगत सुटले, आणि सांगता सांगता माझा मलाच राग येत गेला. एवढा गाडा ओढत होते आणि तोंडानं 'जरा' म्हणत होते! शाळा मीच चालवत होते, हे त्या खोलीत मला पहिल्यांदा धडधडीत दिसलं. त्यांना दिसलं की नाही, देव जाणे.

चिटणीस गोड आवाजात म्हणाले, "असं करू, बाई. तूर्त आहे तसंच चालू द्या. कायमचं पुढे बघू."

"नाही," मी म्हटलं. "कायम करा. नाहीतर बाहेरच्या तिघांतल्या कुणालाही नेमा. मी माझे वर्ग शिकवीन, आणि फक्त वर्गच शिकवीन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मला बाहेर थांबायला सांगितलं. नोकरी जायची भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण शब्द मागे घ्यावासा एकदाही वाटला नाही. बऱ्याच वेळानं परत बोलावलं. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"अभिनंदन. समितीनं तुम्हाला मुख्याध्यापिका नेमलंय. समितीचे हे उपकार लक्षात ठेवा."

"उपकार कसले, साहेब?" मी म्हटलं. "उशीर केलात तुम्ही."