‘गरज पडल्यास’ आणि एस्थरताई

एस्थरताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काष्टीच्या बाजारात आमच्या वृद्धाश्रमासाठी मेथी घेत होते. आमची मदतनीस कमल एवढंच म्हणाली, "ताई गेल्या. झोपेतच." मी जुड्या पिशवीत भरल्या आणि परत निघाले. रडू आलं नाही... तेवढं बळच उरलं नव्हतं.

ताई आश्रमात नर्स होत्या. मी व्यवस्था पाहते. काही औषधं ठरल्या वेळची असतात, काहींपुढे डॉक्टर ‘गरज पडल्यास’ लिहितात. ताईंचा जीव या दुसऱ्या गोळ्यांत अडकलेला असे. दगडूनाना म्हणून एक आजोबा होते, स्मृती गेलेले. एकदा ते सकाळपासून ओरडत होते, ताटही भिरकावलं. त्यांना शांत करायची गोळी कपाटात होती. कमल कंटाळून म्हणाली, "द्या की ताई. लई ताप झालाय." ताईंनी विचारलं, "गोळी कुणाला हवीय, त्यांना का आपल्याला?" मग नानांपाशी बसून लघवी झाली का, पोट दुखतंय का, असं विचारत राहिल्या. बऱ्याच वेळानं नानांनी त्यांचा हात धरून स्वतःच्या गालावर नेला. कवळीनं हिरडी सोलली होती. ताईंनी कवळी काढली, डॉक्टरांना फोनवर विचारून दुखण्याची गोळी दिली आणि उतार पडला का ते पुन्हा जाऊन पाहिलं. नाना मुकाट्यानं पेज पीत होते. गुंगीच्या गोळीनं ते गप्प झाले असते, हिरडी मात्र तशीच ठणकत राहिली असती.

पुढे ताईंनाच कॅन्सर झाला. जवळचं कुणी नव्हतं, म्हणून आश्रमातच कॉट दिली. आता त्यांच्या दुखण्याच्या गोळीपुढे ‘गरज पडल्यास’ होतं, आणि त्या मागतच नसत. विचारलं की नको म्हणत. एका दुपारी त्यांच्या मुठीत चादर आवळलेली दिसली. मागत का नाही, असं मी विचारलं. "आयुष्यभर देत आले गं... मागायचं जमत नाही. मी नको म्हटलं तरी परत विचार." मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळीच्या वेळा बांधून दिल्या. शेवटचे दिवस त्यातल्या त्यात बरे गेले.

त्या कॉटवर आता राजूरकडच्या एक आजी आहेत. दुखतंय का विचारलं की म्हणतात, "न्हाई, बरं हाय." मी दारापर्यंत जाते. पाय भरून आलेले असतात, बाकीची कामं पडलेली असतात... तरी परत फिरते, स्टूल ओढून बसते, पुन्हा विचारते. काल त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाल्या, "व्हय... कंबर लई दुखती."